कासव झोपलंय की आजारी आहे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटलं, "कासवाचं आजारपण." ते हसले. म्हणाले, "अहो, गुरांचं काहीतरी घ्या. लंपी घ्या, लाळ्या-खुरकूत घ्या. कासवाचं कोण ऐकणार?" त्यांचं बरोबर आहे. आम्ही पशुसंगोपनाची पदविका घेऊन सरकारी नोकरीत लागलो, त्याला वीस वर्षं होऊन गेली. आमचं सगळं आयुष्य गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांच्या लसीकरणात गेलं. आम्ही डॉक्टर नव्हे, हेही आधीच सांगून टाकतो. पण ज्या प्राण्यापुढे आमची वीस वर्षांची नोकरी तोकडी पडली तो प्राणी मुठीत मावणारा होता. ती गोष्ट सांगायची आहे. यात 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. आमच्या घरातली सगळीच माणसं या गोष्टीत आहेत आणि चुकाही सगळ्यांच्या आहेत. सर्वांत मोठी चूक मात्र आमची स्वतःची.

आमचं गाव दिग्गी. जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेला लागून. काळी नदीचा उगम आमच्याच परिसरातला. पुढे जिच्यावर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं बांधली आणि जी सदाशिवगडाजवळ समुद्राला मिळते, ती नदी आमच्याकडे व्हाळासारखी लहान आहे. पावसाळ्यात चार महिने सूर्य अधूनमधूनच दिसतो. वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. फोनला रेंज हवी तर घरामागची चढण चढून जावं लागतं. हे सगळं मुद्दाम सांगतोय, कारण पुढे या प्रत्येक गोष्टीचा संबंध येणार आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या पुतण्याच्या मामाने शहरातून त्याला दोन कासवं आणून दिली. मासे विकणाऱ्या दुकानात मिळतात ती, हिरवी पाठ आणि कानाजवळ लाल पट्टा असलेली. बरोबर प्लॅस्टिकचं छोटं तबक, त्यात प्लॅस्टिकचं माडाचं झाड आणि वाळलेल्या कोळंबीची एक डबी. पोराला आनंद झाला. एकाचं नाव गोटू, दुसऱ्याचं मोटू. मामाला दुकानदाराने सांगितलं होतं, "काही करावं लागत नाही, एवढीच राहतात."

ही दोन्ही वाक्यं खोटी. या जातीचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम तीन सेंटिमीटर असतं. नीट वाढलं तर पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जातं, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढं होतं. वीस-तीस वर्षं जगतं. 'एवढीच राहतात' याचा अर्थ बहुतेक वेळा, मोठी होण्याआधीच मरतात.

जून लागला आणि पाऊस सुरू झाला. जुलैच्या मध्याला एका संध्याकाळी पुतण्याचा चढणीवरून फोन आला. "काका, गोटू आणि मोटू खात नाहीत. झोपूनच असतात. डोळेपण उघडत नाहीत."

आम्ही त्या दिवशी लसीकरणाच्या शिबिरातून दमून आलो होतो. आम्ही काय सांगितलं असेल? "अरे, थंडी पडलीय ना, थंडीत कासवं झोपतातच. राहू दे."

तो म्हणाला, "बरं काका." आणि फोन ठेवला. काका जनावरांच्या खात्यात आहे. काकाने सांगितलं म्हणजे ते खरंच असणार.

ते खोटं होतं. थंड मुलखात मोठी, धष्टपुष्ट कासवं हिवाळ्यात निपचित राहतात हे खरं. पण दोन-तीन महिन्यांचं पिल्लू, घरातल्या तबकात, जुलैमध्ये खात नाही आणि डोळे उघडत नाही, ती झोप नव्हे. तो आजार. आपल्या अंगात शेगडी आहे, बाहेर कितीही गार असलं तरी आत उष्णता तयार होते. कासवाच्या अंगात तशी शेगडी नाही. जेवढं पाणी गरम तेवढंच ते गरम. पाणी गार झालं की पोटातलं अन्न पचत नाही आणि रोगाशी लढायची ताकदही मंदावते. दिग्गीच्या पावसात तबकातलं पाणी विहिरीसारखं गार होतं. त्यात सूर्य नाही. म्हणजे आम्ही ज्याला झोप म्हणालो ती त्यांची लढाई हरत चालल्याची खूण होती.

तीन दिवसांनी शनिवारी आम्ही गावी पोचलो. त्या पहाटेच मोटू गेला होता. वहिनींनी त्याला फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, काका येईपर्यंत पुरायचं नाही असा पोराचा हट्ट होता. त्याने आम्हाला एकच विचारलं, "काका, तुम्ही म्हणालात झोपलाय." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. माडाच्या बुंध्याशी खड्डा काढला आणि मग गोटूकडे वळलो.

आता मुलांनो, नीट ऐका. आम्ही त्या दिवशी गोटूत काय पाहिलं ते एकेक सांगतो.

पहिलं, डोळे. दोन्ही पापण्या सुजून बंद. वाळलेली कोळंबी हे एकच अन्न दोन महिने खाल्लं तर जीवनसत्त्व 'अ' कमी पडतं. त्याने पापण्या सुजतात, डोळे मिटतात, आणि दिसत नाही म्हणून ते खायचं बंद करतं. घाण पाण्यानेही डोळे सुजतात. तेव्हा आधी पाणी बघायचं, मग अन्न.

दुसरं, नाक आणि तोंड. नाकाशी बुडबुडे, मधूनच मान वर ताणून तोंड उघडायचं. हे छातीचं दुखणं. आपल्याला कफ झाला तर आपण खोकून काढतो. कासवाला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नाही, त्याला धड खोकता येत नाही. आत साठलेलं आतच राहतं. म्हणून कासवाची सर्दी ही किरकोळ सर्दी समजायची नाही.

तिसरं, पोहणं. गोटू पाण्यात एका अंगावर कलून तरंगत होता, भार एका बाजूला झालेल्या होडीसारखा. एका बाजूच्या फुप्फुसात पाणी झालं की ती बाजू जड होते. पोटात वायू धरला तरी असं होऊ शकतं. कारण कुठलंही असो, कललेलं कासव म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर.

चौथं, कवच. अगदी लहान पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतंच. पण दोन-तीन महिन्यांनी ते घट्ट व्हायला हवं. गोटूचं पोटाकडचं कवच बोटाने दाबलं तर पुठ्ठ्यासारखं दबत होतं. म्हणजे चुना कमी आणि ऊन कमी. उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय खाल्लेला चुना अंगी लागत नाही. वहिनी तबक रोज खिडकीत ठेवत होत्या, पण काचेच्या आत. ती किरणं काचेतून आत येत नाहीत. उजेड दिसतो, उपयोग शून्य. याशिवाय कवचावर पांढरे-तांबूस खड्डे पडले, वास यायला लागला, तर ते कवच कुजणं. तेही डॉक्टरांचं काम.

पाचवं, वजन. हे आम्ही नंतर शिकलो. दादाकडे मिरी मोजायचा छोटा काटा आहे. त्यावर गोटू १९ ग्रॅम भरला. आधीचं वजन कुणी केलंच नव्हतं, तर घटलं की वाढलं हे कळणार कसं? त्या दिवसापासून पुतण्याने वही घातली. दर रविवारी वजन, काय खाल्लं, पाणी केव्हा बदललं. गाभण गाईची नोंद आम्ही ठेवतो, तशीच ही.

आता काय करायचं? घरात चार माणसं, पाच उपाय. शेजारचे आजोबा म्हणाले, हळद लावा. आई म्हणाली, दुधात बुडवा. कुणी म्हणालं, भरपूर मीठ घाला. कुणी म्हणालं, ऊन पडलंय तर अंगणात ठेवा. आणि आम्ही? आम्ही आमच्या पिशवीतली बाटली काढली. गुरांच्या गोचिडांवर आणि जंतांवर जे औषध आम्ही सर्रास वापरतो ते, आयव्हरमेक्टिन. मनात म्हटलं, पोटात जंत असतील, थेंबभर देऊन बघू. सुई भरायला घेतली आणि हात थांबला. वासराला किती मिलिलिटर ते पाठ होतं. १९ ग्रॅमच्या जिवाला किती? ते कुठल्याच पुस्तकात वाचल्याचं आठवेना.

म्हणून चढण चढून गेलो आणि ओळखीच्या एका पशुवैद्यांना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच, "ती बाटली आधी बंद करा. आयव्हरमेक्टिन कासवाला विष आहे." गुरांना जे जीवदान देतं ते कासवाच्या मज्जासंस्थेत शिरून त्याला लुळं करून मारतं. तिथे त्या चढणीवर पावसात उभं असताना आमच्या अंगाला घाम फुटला. मोटू आमच्या शब्दाने गेला होता, गोटू आमच्या हाताने जाणार होता.

त्यांनी जे सांगितलं ते तुम्हीही लिहून घ्या. घरी करायचं ते एवढंच.

एक, ऊब. पाणी २६ ते २८ अंशांवर आणायचं, पण हळूहळू, दोन-तीन तासांत. एकदम गरम पाण्यात टाकायचं नाही. वीज नव्हती. मग वहिनींनी तबक चुलीपासून हातभर लांब, धूर लागणार नाही असं ठेवलं आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बाजूला लावल्या. आमच्या पिशवीतला तापमापक पाण्यात. पोरगं रात्री दोनपर्यंत आकडे लिहीत बसलं होतं.

दोन, पाणी उथळ. अशक्त कासव पाण्यातही बुडून मरतं, हे ऐकून आम्हीही चमकलो. पाय टेकून नाक सहज वर येईल एवढंच पाणी, आणि चढून बसायला कोरडी जागा.

तीन, पाणी स्वच्छ. नळाचं असेल तर क्लोरीन उडायला दिवसभर उघडं ठेवून मग वापरायचं.

चार, जबरदस्तीने भरवायचं नाही. गार अंगाच्या कासवाच्या पोटात अन्न ढकललं तर ते तिथेच कुजतं.

पाच, माणसाची, गुराची, कोंबडीची कुठलीच औषधं द्यायची नाहीत. अंगणातल्या उघड्या उन्हात छोटं तबक ठेवायचं नाही. थोड्या वेळात त्याची कढई होते.

दुसऱ्या दिवशी निघालो. नेताना पाण्यातून न्यायचं नाही. भोकं पाडलेला डबा, त्यात ओलसर फडकं, बाहेरून उबेची बाटली. दिग्गीहून जोयडा, तिथून बेळगाव. शहरात पक्षी-कासवं बघणारे एक डॉक्टर त्यांनी सुचवले होते. त्यांनी तपासून सांगितलं की फुप्फुसाचा दाह आहे आणि जीवनसत्त्व 'अ' कमी आहे. प्रतिजैविकाचं इंजेक्शन पुढच्या पायाच्या स्नायूत, काही दिवसांच्या अंतराने, काही आठवडे. जीवनसत्त्व मात्र मोजूनमापूनच, कारण ते जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते. पुतण्या विचारत होता, "डॉक्टर, वाचेल ना?" ते म्हणाले, "दहा दिवस लवकर आला असतास तर हो म्हणालो असतो. आता प्रयत्न करू." आम्ही जमिनीकडे बघत होतो.

गोटूला आम्ही आमच्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं, कारण तिथे वीज टिकते. बारा दिवसांनी त्याने एक डोळा उघडला. अठराव्या दिवशी गांडुळाचा तुकडा गिळला. त्या दिवशी घरात सांजा झाला होता. वजन २१, मग २४.

आता अन्नाचं. लहान वयात या कासवाला मांस जास्त लागतं, वाढत्या वयाबरोबर पाला जास्त. चांगल्या प्रतीच्या कासवाच्या गोळ्या हा पाया. साधारण त्याच्या डोक्याएवढ्या मापाने रोज एकदा. अधूनमधून छोटा अख्खा मासा, गांडूळ. गाजर, तांबडा भोपळा किसून. पालक रोज नको, त्यातलं आम्ल चुना बांधून ठेवतं. भात, चपाती, बिस्किट, पोहे अजिबात नको. आणि चुन्यासाठी समुद्रफेन. कारवारच्या किनाऱ्यावर फिरायला जाता ना? वाळूत पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं मिळतं ते. म्हाकुलाच्या जातीतल्या माशाचं ते हाड. स्वच्छ धुऊन, वाळवून पाण्यात तरंगत ठेवलं की कासव हवं तेव्हा कुरतडतं. बसायच्या जागेवर ३० ते ३२ अंशांची ऊब, आणि कोवळं ऊन काचेशिवाय, अर्धी सावली ठेवून. ऊन नसेल तिथे अतिनील किरणांची खास नळी मिळते. ती पेटत राहिली तरी तिचा गुण सहा महिने ते वर्षभरात संपतो, म्हणून बदलावी लागते.

एक गोष्ट मातांसाठी. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याला काही होत नाही, पण लहान मुलांना जुलाब-ताप होऊन दवाखाना गाठावा लागतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण मुलं ती तोंडात घालत. कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे. त्याचं तबक स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवायचं नाही. आम्ही चुलीशेजारी ठेवलं ते नाइलाजाने, आणि नंतर सगळं सोड्याच्या पाण्याने धुऊन काढलं. पाच वर्षांखालचं मूल किंवा फार म्हातारं, आजारी माणूस घरात असेल तर कासव आणूच नका.

आता गोष्टीचा शेवट. गणपतीला गोटूला घेऊन आम्ही गावी गेलो. माटोळी बांधली, आरत्या झाल्या. विसर्जनाच्या दिवशी दादा म्हणाला, "बाप्पाबरोबर गोटूलाही व्हाळात सोडून देऊ. मुक्या जिवाला मोकळं केल्याचं पुण्य." आईलाही ते पटलं. देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असतं, विष्णूचा दुसरा अवतार कूर्म. त्याला नदीत सोडणं यासारखं पवित्र काय?

आम्ही म्हटलं, "दादा, हे पुण्य नव्हे." हे कासव या नदीचं नाही. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत या जातीचं नाव आहे. युरोपने १९९७ साली त्याची आयात बंद केली. आपल्या देशातल्या अनेक शहरांच्या तळ्यांत लोकांनी कंटाळून सोडलेली ही कासवं आज ठाण मांडून बसली आहेत. आपल्या व्हाळात काळं कासव आहे, शेततळ्यात मऊ पाठीचं कासव आहे. त्यांचं अन्न, त्यांची ऊन खायची जागा हे परकं कासव बळकावतं, आणि घरातले रोग तिकडे नेतं. आणि सोडायचं ते कुठे, तर काळीच्या उगमात. वरून सोडलेलं खाली कुठवर जाईल?

दादा गप्प झाला. बोलला तो पुतण्या. "बाबा, आपण आणलंय ना त्याला? मग मोठं होईपर्यंत आपणच सांभाळायचं." विसर्जनाला बाप्पा गेले. गोटू डब्यात आमच्याबरोबर परत आला. आज तो अकरा सेंटिमीटर आहे. मोठ्या टाकीत राहतो. पुतण्या सुट्टीला येतो तेव्हा वही तपासतो आणि एखादा रविवार राहिला असेल तर आम्हाला जाब विचारतो.

उलट बाजूही सांगतो. ओढ्यात, शेतात सापडलेलं आपल्याकडचं कासव, किंवा पाठीवर चांदण्या असलेलं तारांकित कासव, कुणी 'लक्ष्मी येते' म्हणून घरी आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो. जखमी दिसलं तर वनखात्याला कळवा. आणि परकं कासव सांभाळणं खरंच अशक्य झालं तर नदीत न सोडता तिथेच विचारा, किंवा सांभाळू शकेल अशा माणसाच्या हाती द्या.

आपल्या संतांनी कासवीची उपमा फार वापरली आहे. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने पोसते, असं मानतात. शास्त्राने पाहिलं तर कासवी अंडी घालून निघून जाते, पिल्लांकडे वळूनही बघत नाही. पण आमच्या तबकातल्या पिल्लाला ती नजर खरोखरच हवी होती. ते ओरडत नाही, हंबरत नाही, खोकतही नाही. रोज दोन मिनिटं त्याच्याकडे कुणीतरी नीट बघणं, हेच त्याचं पहिलं औषध. आमच्या घरी ती नजर दहा वर्षांच्या पोराकडे होती. त्याने वेळेवर पाहिलं, वेळेवर सांगितलं. ऐकणारा कमी पडला.

तेव्हा मोठ्यांना एकच विनंती. मूल येऊन म्हणालं की मनी खात नाही, पोपट बोलत नाही, कासव डोळे उघडत नाही, तर दमलेले असलात तरी उठून जा आणि बघा. आणि बालमंडळींनो, मोठी माणसं 'झोपलंय' म्हणाली तर पुन्हा एकदा विचारा.

 गणपती बाप्पा मोरया!